निवडीचा खेळाडू आणि गावचे मैदान



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानासाठी खेळासारखा विषय का निवडावा, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शाळेच्या इतिहासात इमारतींची, निकालांची आणि मुख्याध्यापकांची नोंद होते. मैदानाची नोंद बहुधा जिंकलेल्या ढालींपुरती असते. ढाल कोणत्या वर्षी मिळाली हे फळ्यावर रंगविलेले असते. त्या वर्षी मैदानावर कोणाला उतरता आले आणि कोण शेवटपर्यंत कडेला बसून राहिले, हे मात्र कोठेच लिहिलेले सापडत नाही. खेळाच्या इतिहासाचा अभ्यास करताना मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे, आणि शाळेच्या व्यासपीठावर तो मांडणे मला उचित वाटते.

प्रश्न असा आहे : जो खेळाडू निवडचाचणीतून वर गेलेला आहे, ज्याला प्रशिक्षक, साधने आणि सरावाचे तास मिळालेले आहेत, त्याने पुन्हा आपल्या गावच्या वा वस्तीच्या हौशी स्पर्धेत उतरावे काय? उतरल्यास कोणत्या अटीवर?

हा प्रश्न आज अमेरिकेत मुलींच्या सॉफ्टबॉलच्या संदर्भात फार चर्चिला जातो. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे झाला. मुलांच्या बेसबॉलसाठी १९३९ साली विल्यम्सपोर्ट या गावी ‘लिटल लीग’ सुरू झाली आणि १९७४ पासून तिने मुलींसाठी सॉफ्टबॉलही आणला. या वस्तीवस्तीच्या लीगमध्ये परिसरातील कोणतेही मूल नाव नोंदवू शकते. परंतु पुढे तिच्या शेजारी दुसरी व्यवस्था उभी राहिली. चाचणी घेऊन निवडलेले, वर्षभर सराव करणारे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या स्पर्धांना जाणारे संघ निर्माण झाले. त्यांना तिकडे ‘ट्रॅव्हल टीम’ म्हणतात. आपण ‘निवडक संघ’ म्हणू. एकच मुलगी दोन्हीकडे खेळू लागली की तंटा उभा राहतो. तिने फेकलेला चेंडू इतर मुलींना दिसतही नाही आणि तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलींकडे सामनाभर चेंडू येत नाही. एका बाजूचे पालक म्हणतात, ‘ही आमच्या लेकींचा खेळ हिरावून घेते.’ दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ‘ती याच वस्तीची आहे, चांगली खेळते हा तिचा अपराध काय?’ दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा प्रश्न विचारास योग्य आहे.

१. जोड आणि तोल

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कोकणात आणि ठाणे-रायगडकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांच्या जाहिरातींवर ‘एक गाव, एक संघ’ ही अट ठळक अक्षरांत छापलेली असते. ती का छापावी लागली, हे सांगण्याची गरज नाही. बक्षिसाची रक्कम वाढली की गावाच्या नावाने बाहेरचे खेळाडू उतरतात आणि गावातली मुले टाळ्या वाजवायला उरतात. मुंबईच्या कबड्डीत कारखाने, बँका आणि पोलीस यांच्या संघांसाठी व्यावसायिक गट आणि वस्तीच्या मंडळांसाठी स्थानिक गट अशी विभागणी करण्याची प्रथा पडली, तीही याच कारणाने. कबड्डीतील किशोर गटाला सोळा वर्षे वयाची आणि ५५ किलो वजनाची मर्यादा घातली गेली. खो-खोमध्ये वय, उंची आणि वजन यांचा एकत्रित निर्देशांक काढून गट ठरविण्याची पद्धत होती. या सर्व नियमांमागे एकच समजूत आहे : बरोबरीच्यांतच खेळ रंगतो.

या समजुतीचे सर्वांत जुने रूप मला जत्रेतील कुस्त्यांच्या फडात दिसते. गावोगावच्या फडात सकाळी वा दुपारी प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. त्यांचे बक्षीस रेवड्या किंवा नारळ. मग थोड्या मोठ्यांच्या, अल्प इनामाच्या. दिवस कलता कलता नामांकित मल्ल उतरतात. फड सर्वांना खुला असतो, परंतु जोड पंच आणि वस्ताद ठरवितात. दोन पोरांना शेजारी उभे करून त्यांचे दंड, मांड्या आणि उंची नजरेने तोलल्याशिवाय कुस्ती लागत नाही. ‘तोलामोलाची जोड’ हा शब्दप्रयोग मराठीने याच फडातून उचलला असावा, असे मला वाटते. मोठ्या इनामाचा पैलवान नारळाच्या कुस्तीला उभा राहत नाही. त्याला कोणी मनाई केलेली नसते. तसे करणे त्याला शोभत नाही, इतकेच. फडाच्या या व्यवस्थेत दोन गोष्टी एकत्र नांदतात. दार कोणालाही बंद नाही, आणि जोड मात्र विषम नाही. पुढील सर्व विवेचनात हे दोन शब्द आपण ध्यानात ठेवावेत : दार आणि जोड.

२. जन्माची रेषा

येथे एक धोका सांगितला पाहिजे. स्पर्धेभोवती रेषा आखताना माणसे ताकद मोजतात असे सांगतात आणि प्रत्यक्षात कूळ मोजतात.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास याची साक्ष देतो. युरोपियन आणि पारशी यांचे सामने १८९२ पासून नियमित होऊ लागले. १९०७ साली हिंदू, १९१२ साली मुसलमान आणि १९३७ साली ‘इतर’ असे संघ त्यात सामील झाले, आणि पंचरंगी ठरलेली ही स्पर्धा १९४६ साली बंद पडली. कोणी कोणत्या संघात खेळावे हे जन्माने ठरत होते. पळवणकर बाळू हे पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची देखभाल करीत आणि गोऱ्या सदस्यांना तासन्‌तास गोलंदाजी टाकीत. गोऱ्यांना हरवायचे झाल्यावर हिंदू संघाला त्यांची गरज भासली आणि ते संघात आले. परंतु चहाच्या वेळी त्यांचे पात्र वेगळे ठेवले जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही १९२३ साली. सामना जिंकण्यापुरता खेळाडू हवा आणि पंगतीला मात्र नको, हा ‘निवडी’चा सर्वांत कटू प्रकार होय.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आदिवासी खेळाडू जिम थॉर्प यांचे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्यांची पदके काढून घेण्यात आली. त्यांचा दोष इतकाच की, १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत त्यांनी छोट्या गावांच्या बेसबॉल संघांतून थोड्या मोबदल्यावर खेळ केला होता. त्या काळी महाविद्यालयातील अनेक तरुण खोट्या नावाने असेच खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळले आणि सापडले. त्यांची पदके १९८२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, कुटुंबीयांना परत देण्याचे ठरले आणि एकमेव विजेते म्हणून त्यांची नोंद होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. ‘हौशी’ हा शब्द ऐकावयास निरागस वाटतो. ज्याला पोटासाठी कमवावे लागत नाही त्यालाच हौस परवडते, हे त्या शब्दात दडलेले असते.

तेव्हा, प्रबळ खेळाडूला दुर्बळांच्या स्पर्धेतून वगळावे असे म्हणताना आपण कोणाला वगळीत आहोत, हे तपासून घेतले पाहिजे. ताकदीची रेषा खेळासाठी आवश्यक असेल. जन्माची रेषा कधीच नव्हती.

३. तीन डाव

आता विषम जोडीचे काय होते, ते पाहू. महाराष्ट्राच्या क्रिकेटमधील तीन डाव मी यासाठी निवडले आहेत.

पहिला डाव १९४८ सालचा. पुण्यात रणजी करंडकाच्या सामन्यात काठेवाडने २३८ धावा केल्या. महाराष्ट्राने चार गडी गमावून ८२६ धावा केल्या आणि त्यांत भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा विक्रम अगदी हाताशी आला होता. मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, डाव घोषित करण्याची मागणी केली. ती मान्य न होताच त्यांनी सामना सोडून दिला. निंबाळकरांच्या बाबतीत हा अन्याय झाला, असे आपण आजवर म्हणत आलो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या संघाला खेळात करण्यासारखे काही उरलेले नसते, तो मैदान सोडून जातो, हा या प्रसंगाचा दुसरा अर्थ आहे. मोठ्यांचे संस्थानिक कर्णधार उठून जाऊ शकले. शाळेतील मुलांना तसे उठून जाता येत नाही.

दुसरा डाव फेब्रुवारी १९८८ चा. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद ३४९. गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे सांगितले जाते. सचिन मुळात वांद्र्याच्या एका शाळेत होते. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून, क्रिकेटसाठी, ते शारदाश्रममध्ये दाखल झाले. म्हणजे शालेय स्पर्धेतही निवडलेल्या खेळाडूंचा संघ होता, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा डाव जानेवारी २०१६ चा. कल्याण येथे सोळा वर्षांखालील मुलांच्या भंडारी चषक स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडमधील क्लिफ्टन महाविद्यालयातील एका अंतर्गत सामन्यात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने केलेल्या ६२८ धावांचा विक्रम त्याने मागे टाकला. शाळेने तीन बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरचा आर्य गुरुकुलाचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव! पुढे आलेल्या बातम्यांनुसार त्या संघातील मोठी मुले अभ्यासामुळे आलेली नव्हती आणि गोलंदाजी टाकणारी बरीचशी मुले दहा ते बारा वर्षांची होती.

दुसरा आणि तिसरा डाव वरवर सारखेच दिसतात. मला त्यांत मूलभूत अंतर दिसते. १९८८ सालचे दोन्ही संघ आधीचे सामने जिंकून उपान्त्य फेरीपर्यंत आलेले होते. जोड पंचांनी नव्हे तरी स्पर्धेने तोलून लावलेली होती. त्या दिवशी मार खाणाऱ्यांत साईराज बहुतुले हा मुलगाही होता. २००१ साली तो भारताकडून कसोटी खेळला. त्या पराभवात शिकण्यासारखे काही होते, कारण पराभूत मुलगा त्याच पायरीवर उभा होता. २०१६ साली मात्र जोड कोणी तोललीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलासमोर दहा वर्षांची मुले उभी राहिली आणि सामना चालू राहिला, कारण तो थांबविण्याचा नियम नव्हता आणि थांबविण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. यात प्रणवचा काडीचाही दोष नाही. त्याला मिळालेला प्रत्येक चेंडू त्याने खेळला. त्याच्यावर मात्र त्या आकड्याचे ओझे आले. मुंबई क्रिकेट संघटनेने दिलेली शिष्यवृत्ती थांबवावी, अशी विनंती २०१७ साली त्याच्या वडिलांनीच केली. विषम जोड दुर्बळाचे नुकसान करते हे उघड आहे. प्रबळालाही ती आपली खरी उंची कळू देत नाही.

गुणपत्रकात १००९ हा आकडा कायमचा राहील. त्या दोन दिवसांत उन्हात धावलेल्या मुलांची नावे कोणाला आठवतात?

४. दार उघडे का ठेवावे

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग निवडीच्या खेळाडूला हौशी मैदानावर येऊच देऊ नये. इतिहास या निष्कर्षालाही संमती देत नाही.

मुंबईच्या कांगा लीगकडे पाहावे. १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर चालणाऱ्या या स्पर्धेत सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर यांच्यासारखे कसोटीवीर आपल्या दादर युनियनकडून उतरत असत, आणि समोरच्या संघात शाळकरी मुलेही असत. सचिन तेंडुलकर अकराव्या वर्षी याच लीगमध्ये खेळले. मोठ्यांचे येणे येथे कोणाला जाचक वाटले नाही. उलट मुंबईच्या क्रिकेटची ती शाळाच ठरली. याचे कारण लीगची रचना. तिचे सात विभाग होते आणि जिंकणारा संघ वर, हरणारा खाली जात असे. कसोटीवीर खेळे तो वरच्या विभागात. खालच्या विभागातील हौशी संघाला आपल्या जोडीचा संघ मिळे आणि वर जाण्याची पायरीही समोर दिसे.

उघड्या दाराचे दुसरे फळ पुण्यात दिसले. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या शर्यतींत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धावले. त्यांना कोणी शिकविलेले नव्हते; तरी त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटा यांना भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावासा वाटला. १९२० च्या अँटवर्प मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्या दिवशी ‘फक्त जिमखान्याचे सभासद’ अशी पाटी लावली असती, तर हे घडले नसते.

आणि आपल्या कबड्डीचा नियम तर याहून बोलका आहे. पूर्वी या खेळाचे तीन प्रकार होते. ‘अमर’मध्ये कोणी बाद होऊन बाहेर जात नसे. ‘गामिनी’त बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक आत येई. नियम ठरविणाऱ्यांनी अखेर संजीवनी पत्करली. दुबळा गडी लवकर बाद होणार, हे त्यांना ठाऊक होते. त्याला पुन्हा आत येता यावे, अशी सोय त्यांनी खेळाच्या गाभ्यातच करून ठेवली.

५. उटनूरच्या संदर्भात

हे सर्व उटनूरला का सांगावे? आपला हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि राज्यात होता, नंतर आंध्र प्रदेशात आला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. येथे गोंडी, मराठी, तेलुगू, उर्दू आणि बंजारा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. ‘स्थानिक’ कोण, हा प्रश्न इतरांना सोपा असेल. आपल्याला तो सोपा नाही. किनवटला वा चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकणारा मुलगा सुट्टीत घरी आला, तर तो स्थानिक की पाहुणा? आश्रमशाळेतून निवड होऊन क्रीडाप्रशिक्षणासाठी दूर गेलेली मुलगी आपल्या गुड्याच्या संघातून कबड्डी खेळू लागली, तर तिला ‘तू आता आमची नाहीस’ असे म्हणायचे काय? वर गेलेल्या मुलीचे गावाशी असलेले नाते मैदानावरच तुटावे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. पण तिच्या एकटीच्या चढाईवर सामना संपावा आणि उरलेल्या मुलींनी केवळ रेषेवर उभे राहावे, हेही तितकेच दुर्दैवाचे आहे.

याच परिसरात मार्लवाई येथे १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि नागरी लिपीतील गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. मुलाला पहिली पायरी त्याच्या भाषेत मिळावी, इतर भाषा पुढे येतीलच, हा त्यामागील विचार होता. मैदानाच्या बाबतीतही मी तेवढेच म्हणतो. पहिली पायरी मुलाच्या उंचीची असावी.

म्हणून मला काही साधे उपाय सुचवावेसे वाटतात. निवडीच्या खेळाडूला गावच्या स्पर्धेत प्रवेश असावा, परंतु एका संघात अशा खेळाडूंची संख्या ठरलेली असावी. संघ अधिक असतील तेथे कांगा लीगप्रमाणे विभाग पाडावेत. लिटल लीगमध्ये प्रत्येक मुलाला किमान सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा फलंदाजी देणे संघावर बंधनकारक असते. तसा नियम आपल्या शालेय सामन्यांनाही लावता येईल. आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉलमध्ये पाच डावांनंतर सात धावांची आघाडी झाली की सामना थांबवितात, त्यात कोणाचा अपमान मानला जात नाही. आणि निवडीच्या खेळाडूला त्या स्पर्धेत खेळण्याबरोबरच शिकविण्याचे, पंचाचे काम द्यावे. वस्तादाची परंपरा आपल्याकडे आहेच.

हे सर्व ठरविण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. खेळणाऱ्या मुलाने आपली ताकद आखडती घ्यावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. जोड लावणे हे पंचांचे काम. कुस्ती मात्र मल्लाने मनापासूनच खेळली पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपण ढाली देता, गणवेश देता, त्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे. यापुढे स्पर्धेला देणगी देताना गुणपत्रकात एक रकाना वाढवून घ्यावा : संघातील प्रत्येक मुलामुलीला प्रत्यक्ष किती वेळ खेळावयास मिळाले, याचा. वर्षाअखेर तो रकाना शिक्षकांच्या सभेत वाचला जावा. पन्नास वर्षांनी या शाळेच्या मैदानाचा इतिहास लिहिणाऱ्याला ढालींबरोबर तोही हाती लागेल, आणि त्याचे काम माझ्यापेक्षा सोपे होईल.